उन्हाळ्याआधी गोळ्यांची पिशवी तपासा

बहुतेक घरांत ती पिशवी असतेच. कापड दुकानातून मिळालेली, खुंटीला अडकवलेली. आत बीपीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, गेल्या साली कंबर धरली तेव्हाच्या उरलेल्या चार, पित्ताच्या दहा, आणि कशाच्या ते कुणालाच आठवत नाही अशा काही सुट्या. होळी झाली की एखाद्या दुपारी ही पिशवी चटईवर रिकामी करा. होळीनंतरच का, तर परभणी-नांदेडकडं पारा बेचाळीसवर गेला की जानेवारीत बिनबोभाट सोसलेली गोळीच मे महिन्यात बाधू शकते. गोळी बदललेली नसते, अंगातलं पाणी बदललेलं असतं.

आधी पाकीट वाचा

मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, ते सोडून द्या. त्याच्या जवळच बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. दिसत नसेल तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करा. वहीत प्रत्येक गोळीपुढं लिहा: खरं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कोणी आणि कशासाठी दिली. एका गोळीत दोन-तीन औषधं असतील तर प्रत्येकाला वेगळी ओळ. मेडिकलमधून चार-पाच गोळ्या कापून घेताना नाव आणि तारीख असलेला भाग बऱ्याचदा दुकानातच राहतो, म्हणून तिथंच पूर्ण पाकिटाचा फोटो काढून घ्यायची सवय लावा. ज्या सुट्या गोळीचं नाव लागत नाही ती ठेवू नका. ओल्या राखेत कालवून, पिशवीत बांधून टाका. उकिरड्यावर तशीच फेकली तर शेळी किंवा पोर उचलणार.

यादी पूर्ण झाली की एकच काम करा: कुठलं नाव दोनदा येतंय का ते बघा. सगळ्यात जास्त वेळा सापडेल ते पॅरासिटामॉल. समजा ताप आणि अंगदुखीनं माणूस झोपलाय. तापाची ६५० ची गोळी तीन वेळा, म्हणजे १,९५० मिलिग्रॅम. अंगदुखीची गोळी सकाळ-संध्याकाळ, तिच्यात ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५, म्हणजे आणखी ६५०. वर सर्दीची गोळी तीन वेळा, तिच्यात ५०० पॅरासिटामॉल, म्हणजे १,५००. बेरीज ४,१००. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,०००. त्यानं एकही गोळी जास्त खाल्लेली नाही, तिन्ही पाकिटांवरची नावं वेगळी आहेत, तरी मर्यादा ओलांडली. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या अशक्त माणसाला, दोन दिवस पोटात काही नसलेल्याला किंवा रोज पिणाऱ्याला तर २,००० च्या वर जाऊच देऊ नये.

ही मर्यादा यकृतामुळं आहे. पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत सरळ निरुपद्रवी करून लघवीवाटे काढून टाकतं. थोडासा भाग मात्र एका विषारी पदार्थात बदलतो. त्याला धरून ठेवायला यकृतात ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो. हा साठा संपला की ते विष यकृताच्या पेशींनाच चिकटतं आणि त्या मरतात. उपाशी माणसाकडं हा साठा मुळात कमी, आणि रोजच्या दारूनं विषारी भाग जास्त तयार होतो. यात फसवणूक अशी की पहिल्या दिवशी फक्त मळमळतं, दुसऱ्या दिवशी बरंसुद्धा वाटतं, आणि खरं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर दिसतं. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणून कुणी रागाच्या भरात किंवा चुकून पाकीटभर गोळ्या खाल्ल्या असतील, तर "बरा दिसतोय, सकाळी बघू" म्हणू नका. मिठाचं पाणी पाजून उलट्या काढायच्या भानगडीत न पडता रिकाम्या पाकिटांसह सरळ दवाखाना गाठा.

वाफा, दोन दारं आणि किडनी

आता उन्हाळ्याचा खरा मुद्दा. किडनीतली एक गाळणी म्हणजे भाजीचा वाफा समजा. एका दारानं रक्त आत येतं, दुसऱ्यानं बाहेर जातं, आणि मधे जो दाब तयार होतो त्यावर लघवी गाळली जाते. पाटाला पाणी कमी आलं तर दारं धरणारा माणूस काय करतो? आतलं दार मोठं करतो आणि बाहेरचं बारीक. किडनीही तेच करते. घामानं अंगातलं पाणी गेलं की प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनानं ती आतलं दार उघडं ठेवते आणि अँजिओटेन्सिननं बाहेरचं आवळते. एवढ्यावर माणसाची किडनी अर्धा दिवस उन्हात तग धरते.

आता गोळ्या घाला. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब या सगळ्या दुखण्याच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाहीत. दुखणं त्यामुळंच थांबतं, पण आतलं दारही त्यामुळंच बारीक होतं. बीपीच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या बाहेरचं दार सैल सोडतात. एरवी किडनीला हे हिताचंच असतं. आणि बीपीच्या गोळीच्या नावापुढं ‘एच’ असेल तर बहुतेक वेळा तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीची गोळी असते. ती पाटालाच पाणी कमी करते. तिन्ही एकाच दिवशी, वर बेचाळीस अंशात खुरपणी किंवा रोजगार हमीचं माती काम, आणि सकाळपासून दोन तांबे पाणी. वाफा कोरडा पडतो. लघवी कमी होते, क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) चढतं, आणि माणूस म्हणतो, ऊन लागलं.

बीडचे ऊसतोड मजूर दसऱ्या-दिवाळीनंतर कारखान्यावर निघतात तेव्हा अंगदुखीची पाकिटं सोबत असतात. मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढायचं तर गोळीशिवाय अंग उठत नाही, हे खरंच आहे. तिथं नुसतं "खाऊ नका" सांगून काही होत नाही. निदान एवढं करा: पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दिवसातून तीनदापर्यंत, किडनीला बरीच सोसते. त्यावर भागलं नाही तर दुखण्याची दुसरी गोळी जेवल्यावरच, कमीत कमी ताकदीची, सलग तीन-चार दिवसांच्या आत. ज्या दिवशी जुलाब-उलट्या असतील किंवा लघवी गडद होत असेल त्या दिवशी अजिबात नाही. आणि बीपी, शुगर, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर स्वतःच्या मनानं कधीच नाही.

"पित्ताची गोळी सोबत घेतली की काही होत नाही" हा समज फार पसरलाय. पँटोप्रॅझोल फक्त जठराला वाचवतं. दुखण्याची गोळी जठराच्या आतला चिकट लेपही कमी करते, म्हणून अल्सर होऊन रक्त जातं. त्यावर पित्ताच्या गोळीचा उपयोग होतो. किडनीला तिचा काडीचा फायदा नाही. शी डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची झाली तर ते जठरातलं रक्त आहे असं धरून त्याच दिवशी दवाखान्यात जा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते आणि चक्कर येत नाही.

डायक्लोफिनॅक किडनीचं काय करू शकतं याचा भारतातला सगळ्यात मोठा दाखला माणसांचा नाहीच, गिधाडांचा आहे. हे औषध टोचलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या आणि ती लाखोंनी मेली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एकाच मात्रेत विकायचं ठरलं. माणूस गिधाडाएवढा नाजूक नाही. पण औषध तेच, अवयव तोच.

रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलंय, तरी

क्रिएटिनिनचा आकडा एकटा वाचू नका. १.१ हा आकडा लॅबच्या कागदावर बहुतेक वेळा नॉर्मल रकान्यात बसतो. त्यावरून किडनी मिनिटाला साधारण किती मिली रक्त साफ करते याचा हिशेब असा: १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, क्रिएटिनिन गुणिले ७२ नं भागा, आणि बाई असेल तर ०.८५ नं गुणा. तीस वर्षांचा, ६५ किलोचा गडी घ्या. ११० गुणिले ६५ भागिले ७९.२, म्हणजे ९०. आता पंचाहत्तरीची, ४५ किलोची आजी, क्रिएटिनिन तेच १.१. हिशेब ३१ वर येतो. आकडा एकच, पण आजीची किडनी गड्याच्या एक तृतीयांश काम करते. तिच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळं क्रिएटिनिन तयारच कमी होतं आणि रिपोर्ट साळसूद दिसतो.

याचा अर्थ जी औषधं किडनीवाटे बाहेर पडतात ती आजीच्या अंगात साचत जातात. शुगरचं मेटफॉर्मिन त्यातलंच. वरच्या हिशेबाचा आकडा तीसच्या खाली गेला तर ती गोळी बंदच करतात, नाहीतर रक्तात आम्ल साचून जीवावर बेतू शकतं. हृदयाची डिगॉक्सिन साचली की मळमळ, अन्नावरची वासना जाणं, पिवळसर दिसणं, नाडी संथ होणं. मानसिक आजारातलं लिथियम साचलं की हात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं. म्हाताऱ्या माणसाची डोस वर्षानुवर्षं तीच चाललेली असेल तर ती पुन्हा तपासून घ्या. डोस तीच राहिली तरी किडनी तीच राहिलेली नसते. मार्चमध्ये क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा करून घेतलं की उन्हाळाभराचा अंदाज येतो.

जुलाब-उलट्यांच्या दिवशी काय थांबवायचं

हे आजारी पडण्याआधी डॉक्टरांना विचारून यादीवर लाल पेनानं खूण करून ठेवायचं. साधारण पद्धत अशी: पोटात काही टिकत नाही, दिवसात दोन-तीनदाच, थोडी आणि चहासारखी लघवी होतेय, अशा दिवशी दुखण्याची गोळी, लघवीची गोळी, टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल गटातली बीपीची गोळी, आणि शुगरच्या मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन तात्पुरत्या थांबवतात. नीट खाणं-पिणं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की परत सुरू. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण एका वेळी. अर्धी पुडी अंदाजानं ग्लासात टाकली तर मिठाचं प्रमाण बिघडतं.

पण काही गोळ्या अशा दिवशीही तोडायच्या नाहीत: फिट्सच्या, महिनोन् महिने चाललेल्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या, हृदय-बीपीच्या मेटोप्रोलॉल-ॲटेनोलॉल, आणि इन्सुलिन. इन्सुलिनचं प्रमाण बदलतं, पण जेवण नाही म्हणून ते पूर्ण बंद करणं घातक ठरू शकतं. उलटीत या गोळ्या पडून जात असतील तर घरी थांबू नका.

नवरात्र, रोजे आणि शुगरची गोळी

ग्लिमेपिराइड पोटात अन्न आहे की नाही हे विचारत नाही. ती स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतच राहते, तेही जवळपास चोवीस तास. घटस्थापनेपासून नऊ दिवस फराळावर काढायचे आणि सकाळची गोळी तीच ठेवायची, किंवा अनवाणी तुळजापूरला चालत जायचं आणि गोळी नेहमीचीच, यात शुगर ७० च्या खाली जाते. घाम फुटतो, हात कापतात, माणूस चिडचिडा होतो, असंबद्ध बोलतो. भक्तीच्या गर्दीत याला काय काय समजलं जातं ते सांगायला नको. शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा, पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, कमीच असेल तर परत द्या, मग भाकरी-भात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ ला फोन. ग्लिमेपिराइडवाल्या माणसाला साखर देऊन बरं वाटलं तरी त्या रात्री एकटं झोपवू नका, कारण गोळीचा अंमल साखरेपेक्षा लांब टिकतो आणि शुगर पहाटे परत पडू शकते. उपवास करायचाच असेल तर आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांना गाठा. रोजे ठेवणाऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा सहर-इफ्तारप्रमाणं लावून देता येतात, तसंच हेही जमतं.

डोस बरोबर असूनही

आतापर्यंतचे अपाय हिशेबातले होते. दुसरी जात बिनहिशेबी. एकाच गोळीनं, बरोबर मात्रेत, शरीराची प्रतिकारयंत्रणाच उठते. पेनिसिलिन गटातली औषधं, सल्फा, दुखण्याच्या गोळ्या यांत पुढं असतात. गोळी किंवा सुई घेतल्यापासून काही मिनिटांत ते तासाभरात अंगावर गांध्या, ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं, डोळ्यांपुढं अंधारी, असं काही झालं तर ती ॲनाफिलॅक्सिस. तिला उतारा एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रिनलिन, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघण्यात वेळ जातो. म्हणूनच सुई घेतल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहायचं, आणि जिथं ॲड्रिनलिनच ठेवलेलं नाही तिथं सुई घ्यायचीच नाही.

दुसरी भानगड उशिरा येते. फिट्सच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडची अलोप्युरिनॉल, किंवा सल्फा सुरू करून एक ते आठ आठवडे झालेत आणि ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड, अंगावर लाल-जांभळे दुखणारे चट्टे आले, तर त्याला गोवर किंवा देवी समजू नका. ती गोळी पुढची घेऊ नका आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, कारण कातडी सोलवटू लागली तर जीव वाचवणं अवघड होतं.

आणि एक वेगळाच प्रकार, दिसायला भयंकर पण झटकन बरा होणारा. मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन दिल्यावर तरुण मुला-मुलींची मान एका बाजूला वळते, डोळे वर फिरतात, जबडा आवळतो. लोक म्हणतात अंगात आलं, किंवा फिट आली. पण हा पोरगा शुद्धीवर असतो, बोललेलं त्याला कळतं. ती गोळी डॉक्टरांना दाखवा; प्रोमेथाझिनसारख्या एका सुईनं मान बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत सरळ होते. त्याआधी देवऋषाकडं जायला लागलात तर रस्त्यात दवाखाना लागतोच.

गोळीवर गोळी

यादीत हेही शोधा: एखादी गोळी दुसऱ्या गोळीचा त्रास घालवायला तर आली नाही ना? बीपीच्या अमलोडिपिननं पाय सुजतात. सूज दिसली म्हणून लघवीची गोळी, तिनं पोटॅशियम गेलं आणि पायात गोळे आले म्हणून तिसरी. रॅमिप्रिल-एनालाप्रिलनं कोरडा खोकला येतो, त्यावर वर्षभर खोकल्याची बाटली चालते. अशा वेळी पहिली गोळी बदलली की पुढच्या दोन आपोआप सुटतात. सर्दी-ॲलर्जीची क्लोरफेनिरामिन आणि झोपेसाठीची ॲमिट्रिप्टिलिन म्हाताऱ्यांची लघवी अडवतात, भ्रम आणतात आणि घामही रोखतात. उष्माघाताच्या दिवसांत घाम थांबणं म्हणजे कुलर बंद पडणं.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांबद्दल सरळ सांगायचं तर संशय धराच. दोन दिवसांत दुखणं पळालं, भूक वाढली, महिन्याभरात चेहरा गोल झाला आणि शुगर चढली, म्हणजे आत स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. मात्र काही आठवडे घेतली असेल तर एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यानं शरीरानं स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं; पुडी तोडली की बीपी कोसळतं. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. सांधेवातावरचं मेथोट्रेक्सेट तर आठवड्यातून एकदाच असतं. ते रोजची गोळी समजून घेतल्यानं तोंड सोलवटून, रक्तपेशी संपून माणसं मरतात. पाकिटावर मार्करनं वार लिहा: "फक्त रविवार".

लहान पोरांत घोळ होतो तो ड्रॉप्स आणि बाटलीचा. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्सच्या एका मिलीत बहुधा १०० मिलिग्रॅम असतं, सिरपच्या पाच मिलीत १२५ किंवा २५०. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५०, म्हणजे ड्रॉप्सचा एक ते दीड मिली. सिरप समजून चमचाभर ड्रॉप्स पाजले तर ५०० गेलं. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप वापरा, आणि दर वेळी मिलिग्रॅम वाचा. बारा वर्षांखालच्यांना निमेसुलाइड द्यायला २०११ पासून बंदी आहे, तरी मोठ्याचं पाकीट घरात असलं की अर्धी तोडून दिली जाते.

रिॲक्शन आली तर वहीत काय लिहायचं

"गोळी गरम पडली" एवढं सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. लिहा: औषधाचं खरं नाव, मिलिग्रॅम, बॅच नंबर, पहिली मात्रा कधी, त्रास किती वेळानं सुरू झाला, गोळी थांबवल्यावर कमी झाला का, सोबत काढा, जडीबुटी, पुडी काय चालू होतं. अपायाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी दिवसा चालतो. आणि जी गोळी नडली तिचं नाव मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून आधार कार्डाच्या मागं चिकटवा. अंबाजोगाई असो की संभाजीनगर, रात्री दोन वाजता सोबत कोण असेल सांगता येत नाही. पाकीट मात्र फेकू नका, बॅच नंबर त्यावरच असतो.